सलामीची दारू

गडांना अजून दारं होती तेव्हाची गोष्ट. एका गडावर कडकडी नावाची तोफ होती आणि दारूगोळा मागवायचं काम एका बोक्याकडे होतं.

"कारभारी, खाली लांडगे जमताहेत. गोळे मागवा," तोफ म्हणाली.

"गेल्या साली किती लागले?"

"एकही नाही. नुसत्या सलाम्या झडल्या. सलामीला गोळा कशाला? दारूच पुरते."

"मग यंदाही दारूच मागवतो."

"अरे मेल्या!" तोफ संतापाने लालबुंद झाली. "गोळे लांडगे बघून मागवायचे की सलाम्या बघून?"

बोक्याने कूस बदलली.

लांडगे चढून आले. तोफेने जीव खाऊन बार काढला. आवाज झाला, धूर निघाला, एकही लांडगा पडला नाही.

लांडग्यांचा म्होरक्या बोक्यासमोर येऊन जिभल्या चाटत म्हणाला, "सलामी पोचली, कारभारी. आता जेवणाचं बघू."