बुधीच्या गालाची खळी

ऐका. राजाराणीच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. आज राजा नाही, हत्ती नाही. आज आहे बयजा. आणि गोष्ट रडवी आहे, आधीच सांगते. नंतर मला बोल लावायचा नाही.

तर एक होती बयजा आणि एक होता तिचा नवरा भागूजी. दोघं कातड्याचे बुधले करायची. बुधला म्हणजे तेल-तूप ठेवायचं कातड्याचं गाडगं, बरं का. आधी मातीचा गोळा करायचा, पोट मोठं, मान बारीक. मग त्यावर ओलं कातडं ताणून बसवायचं, अंगठ्यानं दाबायचं. ओलं कातडं मोठं गुणी, जसं दाबाल तसं बसतं. मग सावलीत वाळवायचं. वाळलं की आतली माती ठोकून ठोकून तोंडातून काढून टाकायची. माती जाते, आकार राहतो. पण कातडं पुन्हा भिजलं, की आकारही गेला.

बयजाला सगळं होतं, पोर तेवढं नव्हतं. नवस झाले, उपास झाले, केस पांढरे झाले. मग एकदा काय झालं, बुधला करता करता तिचे हात भलतीकडेच गेले. मातीला नाक काढलं, हात काढले, पाय काढले. वर मऊ ओलं कातडं बसवलं. गालावर अंगठा दाबला, तिथे खळी पडली. ती खळी बघून बयजाला इतकं रडू आलं, की डोळ्यांतलं पाणी टपकन त्या गालावर पडलं. आणि काय सांगू, पोरीनं डोळे उघडले. म्हणाली, "आई!"

झालं. घरात लेक आली. तिचं नाव ठेवलं बुधी. बुधी अंगणात धावली, भागूजीच्या खांद्यावर बसली, कोंबड्यांच्या मागे लागली. दोघांना आभाळ ठेंगणं झालं.

पण संध्याकाळी बुधी म्हणाली, "आई, अंग आवळतंय गं." कातडं वाळायला लागलं होतं ना! बयजानं तिच्या अंगावर घागर ओतली. बुधी खुदकन हसली. मग काय, जरा वाळतंय वाटलं की पाणी. पहिल्या दिवशी एक घागर, दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी बयजा बघते तर अंगणभर चिखलाची इवली इवली पावलं. आणि बुधीचा एक पाय लोळागोळा झालेला. आतली माती वाहून गेली होती.

भागूजी खाली वाकला, तो पाय चाचपून बघितला. म्हणाला, "बये, पाणी घालून घालून तूच तिला विरघळवतीयेस गं."

जन्मभर हेच काम केलेली बाई! दुसऱ्या कुणाचं असतं, तर तिनंच बोट दाखवून सांगितलं असतं. पण लेकीच्या पुढे तिची अक्कल चालली नाही. पाणी घालावं तर पोर आतून वाहून जाते. न घालावं तर कातडं तिला आवळून टाकतं. इकडे आड, तिकडे विहीर.

मग बयजा धावत सुटली. आधी गेली गाईकडे. त्या गाईच्या आईचंच ते कातडं होतं. गाय म्हणाली, "मला माझी आई परत मिळाली नाही, बयजा. तुला लेक कुठून देऊ?" मग गेली बाभळीकडे. तिच्या सालीत ते कातडं कमावलं होतं. बाभूळ म्हणाली, "मला कातडं टिकवता येतं. माती टिकवता येत नाही." मग गेली नदीकाठच्या मातीच्या खड्ड्याकडे. खड्डा म्हणाला, "माती माझी आहे, मी ती परत घेणार. आकार तुझा आहे. ठेवायचा असेल तर आजच वाळू दे. उद्या तोही नसेल."

बयजा घरी आली. घागर उपडी घातली. बुधीला मांडीवर घेऊन सावलीत बसली. बुधी म्हणाली, "आई, पाणी घाल ना." बयजा म्हणाली, "झोप हं, बाळा." पुन्हा म्हणाली, "आई, पाणी." पुन्हा बयजा म्हणाली, "झोप." तिसऱ्यांदा आवाज अगदी बारीक आला. मग आलाच नाही. बयजाचं काळीज कसं फुटलं नाही, देव जाणे.

तीन दिवस ती तशीच बसून होती. चौथ्या दिवशी उठली आणि माती ठोकायची मोगरी घेतली. भागूजी म्हणाला, "दे, मी करतो." बयजा म्हणाली, "नको. माझी आहे ती." हलक्या हातानं ठोकत ठोकत तिनं सगळी माती काढली. ओटीत घालून खड्ड्यात नेऊन ठेवली. हातात राहिलं नुसतं कातडं. गालावरची खळी मात्र तश्शी होती.

पुढे पाऊस आला. खड्ड्याकाठी गवत उगवलं, गाईनं खाल्लं. भागूजीच्या बुधल्यांत गावाचं तेल-तूप राहिलं, गाव सुखानं नांदलं. बयजा जेवायला लागली, कधीमधी हसायलाही लागली. सुखी झाली म्हणू? तुम्ही म्हणा हवं तर. मला नाही म्हणवत. बुधीला तिनं कोरड्या जागी, उंच शिंक्यावर ठेवलं होतं. रोज काढायची, मांडीवर घ्यायची, गालावरून बोट फिरवायची. पण रडू आलं की आधी तिला शिंक्यावर ठेवून यायची. मग लांब परसात जायची आणि तिथे रडायची. खळीवर पाणी पडून चालणार नव्हतं ना.

संपली गोष्ट. कोण हुंदके देतंय रे? ये इकडे. माझ्या पदराला पूस डोळे. माझा पदर भिजला तर चालतो. आणि झोपा आता.