साळूबाईची रेघ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती, ते विचारू नका. सांगणाऱ्यांनी वर्षं मोजली नाहीत आणि ऐकणाऱ्यांना कधी त्यावाचून अडलं नाही.

तांबडी नदीच्या काठी कवठाणे नावाचं गाव होतं, आजही आहे. गावाभोवती कवठाची झाडं इतकी, की वारा सुटला म्हणजे माणसं डोक्यावर पाटी पालथी घालून हिंडत, असं म्हणतात. नदी तांबड्या मातीतून यायची, म्हणून बारा महिने गढूळ. पण कवठाण्याच्या रांजणातलं पाणी बघावं तर तळाशी पडलेला तीळ दिसेल. ही करामत निवळीची. निवळीची बी रांजणाला आतून घासायची आणि वरून पाणी ओतायचं, की घटकाभरात सगळा गाळ तळाला जाऊन बसतो. या पाण्याचा गावाला भारी तोरा. पाहुण्याला जेवू घालायला विसरतील, पण पाणी दाखवायला विसरायचे नाहीत.

नदीच्या मधोमध एक काळा खडक होता. पाण्यात बसलेल्या रेड्यासारखा दिसायचा, म्हणून त्याला रेड्या म्हणत. त्या रेड्याच्या कुशीवर गेरूची एक लांब, आडवी रेघ असे. रेघ दिसतेय तोवर नाव सोडायची, रेघ बुडाली की नाव बांधायची. एवढाच कायदा, आणि तो दोन्ही काठांना मान्य. पलीकडे बाजार होता, वैद्य होता, आणि कवठाण्याच्या निम्म्या लेकी पलीकडेच दिल्या होत्या.

रेघ ओढायचं काम चितारी घराण्याचं. वैशाखात नदी आटली की खडकावर रेघेपुरता चुन्याचा हात द्यायचा आणि चुना ओला असतानाच त्यावर गेरू चढवायचा, म्हणजे सुकताना चुना रंगाला धरून ठेवतो. रेघ म्हणजे देवाचं काम. त्यामुळे रंग कालवायला पाणीही देवाचंच घ्यायचे, देवळातल्या मोठ्या हंड्यातलं. त्या हंड्याला दिवसभर निवळी घासलेली असायची. याहून स्वच्छ पाणी पंचक्रोशीत मिळायचं नाही.

आणि तरी रेघ टिकायची नाही. गेरू कालवला की जरा वेळात खाली बसायचा. चितारी वरचं घ्यायचा तेव्हा कुंचल्यात नुसतं गुलाबी पाणी, आणि ढवळून खालचं घ्यायचा तेव्हा गुठळ्या. पाणचट जागा पहिल्या लोंढ्यातच धुऊन जायच्या, गुठळ्या पोपडा धरून गळून पडायच्या. श्रावण येईतो खडकावर रेघेऐवजी चारदोन ठिपके उरत. लोक म्हणायचे, रेड्याला रंग मानवत नाही. मग रेड्याला नारळ द्यायचे, गेरू आणखी घालायचे. आणखी घातलेला गेरूही इमानाने खालीच बसायचा.

त्या वेळचा चितारी म्हादू. एका श्रावणात तो बाजारासाठी नावेत बसला. खडकाकडे बघितलं तर रेघ नाही. बुडाली की धुऊन गेली, हे कोणी सांगावं? म्हादूच म्हणाला की धुऊन गेली असेल, दरसाल जातेच की, सोडा नाव. नाव सुटली. ती काही पलीकडे पोचली नाही. म्हादू गेला, त्याच्याबरोबर नावाडीही गेला.

म्हादूची बायको साळूबाई. तिने कपाळ पुसलं आणि नवऱ्याचा कुंचला उचलला. पदरी मैना नावाची लग्नाला आलेली लेक होती. साळूबाई रडली नाही असं काही मी म्हणणार नाही, पोटभर रडली. पण रडून झाल्यावर तिने एकच गोष्ट मनाशी धरली. बुडाली की धुऊन गेली, हा प्रश्न या नदीवर पुन्हा कोणाला पडता कामा नये.

तिने गेरू वाटायला घेतला. पाटा झिजला, वरवंटा झिजला, गेरू काजळासारखा मऊ झाला. हंड्यातल्या पाण्यात घातला, की बसला खाली. ढवळून ढवळून तिच्या मनगटाला सूज आली. दोन वैशाख असेच गेले, दोन्ही रेघा श्रावणाच्या आत पुसल्या गेल्या. पाटलाने सांगून टाकलं, की आता शेवटची एक रेघ, तीही गेली तर नाव कायमची बंद. त्याचंही चूक नव्हतं. गाव पुन्हा नाव बुडवायला तयार नव्हतं.

साळूबाईची लुगडी एव्हाना गेरूने माखून तांबडीलाल झाली होती. ती तिने घाटावर चिमाई परटिणीकडे टाकली. चिमाईने खडकातल्या खोलगट डोणीत रिठ्याचं पाणी केलं, लुगडी भिजवली, चोळली, पिळून वाळत टाकली. संध्याकाळी साळूबाई लुगडी न्यायला आली तर डोणीतलं पाणी तांबडं. दुसऱ्या दिवशी घागर भरायला आली तरीही तांबडंच, वरपासून खालपर्यंत एकसारखं. तिने हात घालून तळ चाचपला, तर तळाला गेरू जवळजवळ नव्हताच.

"चिमाक्का, हा गेरू खाली का गं बसंना?"

चिमाई हसली. "रिठ्याच्या पाण्यात सुटलेला मळ खाली बसत न्हाई, बाई. बसला असता तर परत लुगड्यावरच बसला असता. मग मी धुऊन काय उपेग?"

साळूबाई तिथेच मटकन खाली बसली. असं म्हणतात, की त्या क्षणी घाटावरच्या सगळ्या घागरी आपोआप घणघणल्या. मला विचाराल तर साळूबाईच्या हातातली एक पडली असेल, पण ते असो. तिला एकदम दिसलं की घोळ कुठे आहे. इतकी वर्षं गाव निवळी घासलेल्या पाण्यात रंग कालवत होतं. निवळीचं काम काय, तर पाण्यात जे जे तरंगतं ते गोळा करून तळाला नेणं. ती आपलं काम चोख करत होती.

साळूबाई कामाला लागली. नदीचं साधं पाणी घेतलं, त्यात रिठा घातला. रंग तरंगला खरा, पण पाण्याला फेस आला, आणि घराच्या भिंतीवर हात मारून बघितला तर फुटलेल्या बुडबुड्यांनी रंगाची चाळणी झाली. मग रिठा अगदी चिमूटभर घेतला आणि फेस विरेपर्यंत पाणी झाकून ठेवलं. त्यात गेरू घालून पुन्हा पाट्यावर वाटला. रिठ्याने कण सुटे केले, पण ते पुन्हा एकमेकांना बिलगू नयेत याला राखण हवी. तिने कवठाचा डिंक भिजवून त्यात घातला. डिंकाने कणाकणाला अंगरखा चढवला. मडकं झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी उघडलं, तर वरचा थेंब आणि तळचा थेंब सख्ख्या जुळ्या बहिणींसारखे. साळूबाईने मडक्याला हळदकुंकू वाहिलं आणि आनंदाने एकटीच फुगडी घातली, असं म्हणतात. एकटीने फुगडी कशी घालतात ते मला माहीत नाही. पण तिला साधली असेल.

गावात मात्र बोंब झाली. देवाच्या हंड्यातलं पाणी सोडून परटिणीच्या डोणीतल्यासारखं पाणी खडकाला लावायचं? पाटलाने तिला चावडीवर बोलावलं. साळूबाई मडकं काखेत घेऊन गेली आणि म्हणाली, "पाटील, निवळीला काय ठावं, कुठला गाळ आन् कुठला रंग? तिच्यापुढं दोन्ही सारखेच."

पाटलाने मडक्यात काठी घातली, तळापर्यंत नेली, वर काढली. काठी टोकापासून मुठीपर्यंत एका रंगाची निघाली. तो बराच वेळ काठी फिरवून बघत राहिला आणि मग म्हणाला, की जा बाई, ओढ.

तिने रेघ ओढली. असं म्हणतात, की रेड्याने त्या दिवशी अंग झाडलं नाही, आणि नदीतले मासे ती बघायला खडकाभोवती उभे राहिले.

आता मैनेचं ऐका. तिचं एव्हाना लग्न झालं होतं आणि ती पलीकडच्या काठाला नांदत होती. त्याच श्रावणात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायला निघाली. गाडीतून पलीकडच्या घाटावर उतरली आणि तिथेच तिला कळा सुरू झाल्या. इकडे साळूबाई ओटीचं सामान घेऊन उभी, सटवाजी नावाडी वल्हं घेऊन उभा. हा सटवाजी बुडालेल्या नावाड्याचा भाऊ. वर ऊन पडलेलं, पाणी तुपासारखं संथ. खडकाकडे सगळ्यांनी बघितलं. रेघ नव्हती.

सकाळी ज्यांनी बघितलं होतं त्यांना दिसली होती. आता नव्हती. पाणी किती वाढलंय, तर डोळ्यांना काहीच कळत नव्हतं. बाया म्हणू लागल्या की अगं, दरसालसारखी धुऊन गेली असेल, पोर तिकडे तळमळतेय, जाऊ दे नाव. सटवाजी साळूबाईकडे बघायला लागला. तिने फक्त मान हलवायची होती. माझी रेघ कच्ची होती, एवढं कबूल केलं असतं तर अर्ध्या घटकेत लेक तिच्या मांडीवर आली असती. पलीकडून मैनेची हाक ऐकू येत होती.

साळूबाईच्या डोळ्यांना धार लागली, पण आवाज हलला नाही. "माझी रेघ धुऊन जायाची न्हाई, सटवाजीभाऊ. ती बुडालीया. नाव बांधा."

सटवाजीने नाव बांधली. दोराची गाठ पुरती आवळली नव्हती तोच वरच्या अंगाला ढग फुटावा तसा आवाज झाला. डोंगरात कोसळलेला पाऊस नदीतून चालून आला. आख्खी झाडं, गोठ्यांची छपरं, एक देवळाची पायरीसुद्धा वाहत गेली, असं म्हणतात. रेडा शिंगांसकट बुडाला. नाव सुटली असती तर नेमकी मधोमध सापडली असती. चिमाईने साळूबाईला पोटाशी धरलं, आणि दोघी पलीकडे बघत बसल्या.

पलीकडच्या बायांनी मैनेभोवती लुगड्यांचा आडोसा केला. दिवस कलायच्या वेळेला तिकडून एक बारीकसा आवाज आला. एवढ्या पुराच्या गर्जनेत नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं रडणं ऐकू कसं येईल, असं तुम्ही म्हणाल. कवठाण्याच्या प्रत्येक माणसाला ते ऐकू आलं. चुलीपाशी बसलेल्यांनाही आलं. तांबडी नदीने तेवढ्यापुरता श्वास रोखला होता, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरू लागलं. गाव घाटावर लोटलं. आधी रेड्याची शिंगं निघाली, मग पाठ, मग कूस. आणि मग रेघ निघाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड, कुठे फिकी नाही, कुठे पोपडा नाही, नव्या नवरीच्या मळवटासारखी लालभडक. डोंगरातली झाडं उपटणाऱ्या नदीला एका बाईची रेघ पुसता आली नाही. पाटलाने डोक्याचं पागोटं काढून हवेत उडवलं. ढोल, ताशे, हलगी, ज्याच्या हाताला जे लागलं ते वाजू लागलं. सटवाजीने नाव सोडली आणि मैनेला नि तिच्या लेकीला घेऊन आला. साळूबाईने नातीला उचललं, घरून आणलेल्या रंगाच्या मडक्यात बोट बुडवलं आणि तिच्या कपाळावर एक बारीक आडवी रेघ ओढली. मग मात्र ती हसत हसत मोठमोठ्याने रडली, आणि तिच्याबरोबर सगळा घाट रडला.

त्यानंतर तिच्या हयातीत त्या नदीवर कोणी बुडालं नाही. ती गेली तेव्हा तिला अग्नी दिला, पण ती काही गेली नाही, रेघेत जाऊन राहिली, असं म्हणतात.

आज तांबडीवर पूल आहे. तरी दर वैशाखात रेड्यावर रेघ ओढतात आणि पुलाच्या खांबावरही ओढतात. गेरू रिठ्याच्या पाण्यात वाटतात, त्यात कवठाचा डिंक घालतात, आणि पहिला हात माहेरी बाळंतपणाला आलेल्या लेकीचा असतो. त्या दिवशी कवठाण्यात कोणत्याही घरात रांजणाला निवळी लावत नाहीत. इतका पाण्याचा तोरा असलेलं हे गाव त्या दिवशी गढूळ पाणी पितं. पोरं तोंड वाकडं करतात, तेव्हा आया म्हणतात, पी, साळूआईचा दिवस आहे.

आणि पावसाळ्यात कधी त्या बाजूला गेलात तर बघा. ऊन असो, पाणी संथ असो, खांबावरची रेघ दिसत नसली की एसटीचा ड्रायव्हर पुलाच्या अलीकडे गाडी उभी करतो. गाडीत कोणाचा बाजार असतो, कोणाची तारीख असते, कोणाची लेक पलीकडच्या दवाखान्यात असते. रेघ धुऊन गेली असेल, असं आजवर तिथे कोणी म्हटलेलं नाही. सगळे खाली उतरतात, काठावर बसतात, आणि ती वर येईपर्यंत वाट बघतात.