झिपऱ्याची पेज

जनावरं माणसांसारखी बोलायची, त्या काळातली ही गोष्ट. धुरपदा धनगरणीच्या झिपऱ्या कुत्र्याचं पोट बिघडलं होतं. मेंढरांची राखण त्याच्याकडे, आणि ओढ्यापलीकडे लांडगा घिरट्या घालत होता.

"त्याला नुसती पेज. दुसरं काही नाही," धुरपदाने सगळ्यांना बजावलं.

पण झिपऱ्याचं उतरलेलं तोंड भुरकी मांजरीला बघवेना. तिने सुक्या बोंबलाचा तुकडा गुपचूप त्याच्यापुढे सरकवला. एवढ्याशाने काय होतंय!

सांजेला झिपऱ्या पोट आवळून आडवा पडला. लांडगा ओढा ओलांडून आला. धुरपदा पलिता घेऊन धावली, म्हणून तो माघारी फिरला.

"मी घोटभरच दूध दिलं," शेळी रडवेली झाली.

"मी एकच अंडं," कोंबडी पुटपुटली.

प्रत्येकीचं 'एवढंसं' मिळून हे झालं, हे भुरकीच्या ध्यानात आलं. ती उठली आणि झिपऱ्याच्या थाळीपाशी पहारा देत बसली. पुन्हा अंडं घेऊन आलेल्या कोंबडीला तिने नख्या दाखवल्या.

"भुरके, तू माझी मैत्रीण ना? एक तुकडा दे गं," झिपऱ्या विनवू लागला.

"पेज पी."

"दुष्ट आहेस तू!"

भुरकीने मान फिरवली, पण जागची हलली नाही.

दिवस गेले. एका सांजेला लांडग्याने थेट कुंपणावर पाय ठेवला. भुरकीने डोळे घट्ट मिटले. तोच तिच्या कानाशी असा दणदणीत आवाज फुटला, की लांडगा शेपूट घालून पळाला.

मग झिपऱ्या गर्रकन वळला. "आता तू! माझ्यापासून बोंबील लपवून ठेवतेस काय?"

भुरकी जीव घेऊन बाभळीवर चढली. खाली तो भुंकत राहिला, आणि वर ती समाधानाने गुरगुरत ऐकत राहिली.