पत्रावळीची परीक्षा

समाजमंदिर आता डिझाइन कॉलेजच्या ताब्यात होतं. कॉलेजच्या संचालकांनी तिथे पत्रावळी लावणाऱ्या बायकांपुढे नोटीस फडकावली. "शाश्वत विकासाची परीक्षा द्या, नाहीतर समाजमंदिर सोडा! कचरा न उरणारं ताट करून दाखवा."

जागा गेली असती तर त्या अकरा जणींचा धंदाच बसला असता. त्यांच्यातली म्हातारी भागीरथा पदर खोचून म्हणाली, "दाखवते. पण परीक्षक माझा."

"आण!" संचालक हसले.

तिने शेळी आणली. शेळीने पळसाची पत्रावळ फस्त केली आणि संचालकांनी स्वतः डिझाइन केलेलं, बक्षीस मिळालेलं चकचकीत ताट हुंगून ती शिंकली.

"शेळीला डिझाइनमधलं काय कळतं?" संचालक कडाडले. तेवढ्यात शेळीने त्यांच्या हातातली नोटीस ओढून चावून गिळली.

भागीरथा म्हणाली, "साहेब, ह्यात मात्र तुम्ही पास. तुकडासुद्धा उरला नाही!"