दवंडी आणि पंगत

शंखवती नदीच्या काठी मृणालनगर होतं आणि तिथे तालध्वज राजाचं राज्य चाललं होतं, त्या काळी बोधिसत्त्वाने एका आचाऱ्याच्या घरी जन्म घेतला. हो, आचाऱ्याच्याच. बोधिसत्त्व दर खेपेला राजवाड्यातच जन्मतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे नीट ऐकून ठेवावं. त्याचं नाव भद्रक. बाप गेल्यावर त्याने लग्नकार्यांचा स्वयंपाक सोडला आणि नदीकडच्या वेशीजवळ एका मोठ्या पडवीत रोज दुपारी पंगत घालायला सुरुवात केली. घराघरांतून मूठ मूठ धान्य यायचं, कुणी ताक आणून द्यायचं, कुणी सरपण. त्यातून भात, वरण, कढी आणि शेवटी गुळाचा खडा एवढं सगळ्यांना मिळायचं.

जेवायला कोण यायचं? ज्यांना विचारणारं कुणी उरलं नाही असे म्हातारे. आईबाप खाणीवर गेलेली पोरं. नवरा गमावलेल्या बायका, हात मोडून घरी बसलेले गवंडी. पण भद्रकाने एक रीत पाडली होती. ज्या घरातून धान्य येईल त्या घरच्या माणसांनीही पाळीपाळीने येऊन त्याच पंगतीत बसायचं. मग तो सोनार असो नाहीतर सावकार. त्यामुळे रस्त्याने जाणाऱ्याला कळायचंच नाही की कोण भुकेपोटी आलंय आणि कोण पाळी म्हणून. आत बसल्यावर कुणी कुणाला 'तू का आलास' असं विचारायचं नाही. एखाद्याने विचारलंच तर भद्रक पळी उगारून म्हणायचा, "भूक लागली म्हणून आला! तू कशाला आलास, अंघोळीला?"

उत्पला नावाची बाई या पंगतीला आपली दोन लेकरं घेऊन यायची. तिचा नवरा सोमिल विणकर होता. तो तापाने गेला आणि तेरावं होतं न होतं तोच दिरांनी माग उचलून नेला. पहिल्या दिवशी ती पडवीच्या दाराशी नुसती घुटमळत राहिली होती. भद्रकाने मान वर न करताच सांगितलं, "पोरी, सोनारणीशेजारी जागा आहे बघ. पान मांडलंय." बस्स, एवढंच. सोनारीण तिच्याशी कढीत मीठ कमी पडल्याबद्दल बोलली, मग धाकट्याच्या जावळाबद्दल बोलली. त्या दिवशी उत्पला कितीतरी काळाने माणसांत आल्यासारखी घरी गेली.

पुढे पाऊस रुसला. लोकांच्या मुठी लहान झाल्या, तेव्हा राजाने आपल्या कोठारातून पोती पाठवली. फार चांगलं केलं त्याने, नाही कोण म्हणतो? पण पोत्यांच्या मागोमाग अमात्य सुकेतू आला. सुकेतू काही दुष्ट नव्हता, आणि खरी पंचाईत तीच होती. दुष्टाशी भांडता तरी येतं. हा नीटनेटका, कर्तव्यदक्ष माणूस. त्याने पंगतीवरून नजर फिरवली आणि त्याच्या डोळ्यांत सोनारीण खुपली.

"ही राजाचं धान्य खाते?"

"तिच्या पाळीला येते, अमात्य. देतेही," भद्रक म्हणाला.

"ते मला सांगू नकोस. अशाने उद्या सगळं नगर येऊन बसेल. घेणाऱ्याला घेतो आहोत याची जाणीव राहिली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. या पडवीत जो जेवेल त्या प्रत्येकाचं नाव, गाव, आळी आणि कुळ दाराशी दवंडी पिटून जाहीर करायचं. त्यासाठी पिंगल नावाचा दवंडीवाला नेमला. सोनारीण आणि सावकार त्या दिवसापासून फिरकलेच नाहीत. तुम्ही तरी गेला असतात का? राहिले ते फक्त भुकेले.

उत्पला लेकरांना घेऊन बसली होती. पहिला घास हातात होता, तेवढ्यात दाराशी ढोलावर काठी पडली. "ऐका हो ऐका! विणकर आळीतली उत्पला, मेलेल्या सोमिलाची बायको, दोन लेकरांसकट राजाच्या अन्नावर जगते हो!"

रस्त्यातली माणसं थबकली. काहींनी माना उंचावून आत पाहिलं. तिची मुलगी मेखला सात-आठ वर्षांची होती. तिने आईचा पदर ओढला आणि घाबरून विचारलं, "आई, आपण काय केलं?"

चोराचं नाव असंच पुकारतात, हे त्या पोरीला ठाऊक होतं. उत्पलेचे कान तापले. भरल्या पानावरून ती उठली, धाकट्याला काखोटीला मारलं, मेखलेचा हात धरला आणि मागच्या बोळातून घरी गेली.

मग काय, एकेक करून माणसं यायची बंद झाली. हात मोडलेला गवंडी आला नाही. आयुष्यभर राजाचे हत्ती राखलेला म्हातारा माहूत आला नाही. तो घरात कडी लावून पडून राहिला. आणि सुकेतूने काय करावं? त्याने जाऊन राजाला आनंदाने सांगितलं, "बघा महाराज, निम्मी माणसं गळाली. म्हणजे निम्मी खोटीच होती. आता खरे गरजू तेवढे उरले." अरे, खरे गरजूच गळाले होते ना! ज्यांच्याकडे पोटाला काही नव्हतं पण अब्रू तेवढी होती, ते सगळे घरात बसून पाला उकळत होते. शहाण्या माणसाची अक्कल कधीकधी अशी गवत खायला जाते.

भद्रकाने हे ऐकलं तेव्हा तो तांदूळ निवडत होता. त्याने सूप खाली ठेवलं. कोठारातून आलेली उरलीसुरली पोती त्याने गाड्यांत भरली आणि राजवाड्याच्या दाराशी नेऊन उतरवली. पहारेकरी म्हणाला, "अरे, निरोप काय देऊ?" भद्रक म्हणाला, "सांग, हे धान्य फार महाग पडतं. आम्हाला परवडत नाही."

तिथून तो थेट उत्पलेच्या दाराशी गेला. चुलीवर नुसताच तांदुळजाचा पाला शिजत होता. धाकटा रडूनही थकला होता आणि भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"उद्या पंगत आहे," भद्रक म्हणाला.

"दवंडी थांबली का, दादा?"

"नाही."

"मग मी नाही येत."

"लेकरांना तरी पाठव."

"त्यांची नावं घेतील. सगळी आळी ऐकते. पाण्याला गेले तर बायका बोलायच्या थांबतात. मरू देत, पण तसलं जिणं नको."

"मरू देत असं म्हणू नकोस," भद्रक शांतपणे म्हणाला. "ऐक. मी तुला खोटा शब्द देणार नाही. उद्या नाव घेतील. पण मी राजाचं धान्य परत टाकून आलोय. उद्याच्या भातात एक दाणा त्याचा नाही. सगळा या आळ्यांचा, तुझ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचा. मान खाली घालायची की नाही, ते आता राजाच्या माणसांच्या हातात राहिलं नाही. ते आपल्या हातात आहे."

"राजाचं धान्य परत टाकलंत?" उत्पलेने कपाळावर हात मारला. "दुष्काळात? वेड लागलंय तुम्हाला! सुळी देतील तुम्हाला, आणि आम्हाला कोण विचारणार मग?"

"ते उद्या बघू," असं म्हणून तो गेला. उत्पला रात्रभर त्याच्यावर चिडत राहिली. आणि खरं सांगायचं तर त्या चिडण्यातच तिचं बळ परत आलं. दुपारी तिने लेकरांची तोंडं धुतली, केस विंचरले आणि पुढच्या रस्त्याने, भर बाजारातून ती पडवीत गेली.

पंगत छोटीच होती. धारिणी नावाची आजी होती. ती जवळजवळ आंधळी, कानांनीही मंद, दात एकही नाही. गवंडी आला होता. भद्रक त्या माहुताला तर अक्षरशः पाठुंगळीवर घेऊन आला होता. पानं मांडली, वाढायला सुरुवात झाली, दाराशी पिंगलने ढोल सरसावला, आणि तेवढ्यात बाहेर घोडे थांबले. स्वतः तालध्वज राजा आत आला. मागे सुकेतू. राजाचा चेहरा लाल झाला होता.

"माझं धान्य माझ्या दारात फेकणारा तो कोण?"

भद्रक वाढता वाढता थांबला नाही. "मीच, महाराज. पण या घरात उभ्याने कुणी बोलत नाही. बसा. पान वाढतो."

बोलता बोलता त्याने धारिणीआजीच्या शेजारी पान मांडून त्यावर वाफाळता भात वाढलासुद्धा. आता वाढलेल्या पानाकडे पाठ फिरवणं राजालाही शोभत नाही. तालध्वज दातओठ खात बसला. चार घास खायचे आणि मग या आचाऱ्याला बघून घ्यायचं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. पण परक्या पडवीत, पळसाच्या पानावर, सगळ्यांच्या देखत त्याचा हात काही चालेना.

धारिणीआजीला शेजारची चुळबूळ कळली. तिने चाचपडत त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"नवा दिसतोस रे बाळा. पहिल्या दिवशी असंच होतं. मलापण झालं होतं. लाजू नकोस हो, पोटभर जेव. इथे कुणी काही विचारत नाही." आणि आपल्या पानावरचा गुळाचा खडा तिने त्याच्या भातावर ठेवला.

सुकेतू ओरडला, "ए म्हातारे! तुला ठाऊक आहे का, तुझ्या शेजारी कोण—"

"अमात्य!" भद्रकाचा आवाज असा चढलेला त्या पडवीने कधी ऐकला नव्हता. "माझ्या पंगतीत कोण बसलंय ते कुणी सांगायचं नाही. कुणाबद्दलच नाही."

तेव्हा उत्पला उभी राहिली. आपण उठणार आहोत हे तिलाही आधी ठाऊक नव्हतं. तोंड उघडल्यावर शब्द आपोआप आले.

"नाही दादा, सांगू दे. हुकूम आहे ना? पिंगल, इकडे ये. तुला काय सांगितलंय? जेवेल त्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं. मग घे की! माझं आधी घे, चांगलं मोठ्याने घे. माझ्या आळीने दिलेलं खाते मी, चोरलेलं नाही. आणि मग थांबू नकोस. रांगेने पुढे जा."

पिंगलने अमात्याकडे पाहिलं. अमात्याने हुकूम स्वतःच काढला होता, आता तो काय बोलणार? काठी ढोलावर पडली. उत्पलेचं नाव, सोमिलाचं नाव, आळीचं नाव पुकारलं गेलं. ती मान ताठ ठेवून उभी होती, आणि मेखला तिच्याकडे बघून तशीच ताठ बसली. मग माहुताचं नाव झालं. गवंड्याचं झालं. धारिणीआजीचं झालं. पिंगल एक पाऊल पुढे सरकला, समोर राजा होता, आणि त्याची काठी हवेतच थांबली.

"थांबलास का?" उत्पला म्हणाली. "हुकुमात कुणाला सूट आहे का?"

"ऐका हो ऐका..." पिंगलने ढोलावर हलकेच काठी टेकवली. "राजवाड्यातला तालध्वज, महाध्वजाचा मुलगा, आज दुसऱ्यांच्या..."

रस्त्यात माणसं जमली होती. माना उंचावल्या गेल्या. राजाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्याचा हात आपसूक तोंड झाकायला वर गेला आणि अर्ध्यावरच थांबला. आपला हात कुठे चाललाय, हे त्याचं त्यालाच दिसलं.

"थांब," तो पुटपुटला.

भद्रक पळी घेऊन त्याच्यासमोर बसला. "का थांबवता, महाराज? तो खोटं बोलतोय का?"

"नाही. खरं आहे."

"मग?"

राजाने भातावरच्या गुळाच्या खड्याकडे पाहिलं. "खरं आहे म्हणूनच थांबव रे," तो म्हणाला.

धारिणीआजीला तेवढं ऐकू आलं नव्हतं. "कोण कुणाला ओरडतंय?" तिने विचारलं. "कुणी नाही, आजी," भद्रक म्हणाला, "तुम्ही जेवा." आजी जेवली. बिनदातांनी, सावकाश, भात कुस्करून कुस्करून. मध्येच तिने आणखी कढी मागितली. तिचं संपेपर्यंत राजा पानावरून उठला नाही.

उठल्यावर त्याने पिंगलला ढोल खांद्यावरून उतरवायला लावला. सुकेतू हात जोडून म्हणाला, "महाराज, मग खरा गरजू ओळखायचा तरी कसा?" राजाने भद्रकाकडे पाहिलं. भद्रक म्हणाला, "ओळखायचा नसतो, अमात्य. वाढायचं असतं." त्या दिवसापासून कोठाराचं धान्य मागच्या दाराने यायला लागलं, आणि राजा आपली पाळी चुकवीनासा झाला. उत्पला मात्र येता-जाता पुढच्याच रस्त्याने जात राहिली.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे खुद्द भगवान, म्हणाले, "भिक्खूंनो, त्या वेळचा तालध्वज म्हणजे आज सर्वांना वाढून झाल्यावरच पात्र हाती घेणारा भिक्खू उत्तरक. धारिणी म्हणजे ज्येष्ठ भिक्खुणी, थेरी सोणदिन्ना. न घाबरता बोललेली उत्पला म्हणजे उपासिका विशुद्धा. भद्रक आचारी म्हणजे मीच. आणि सुकेतू अमात्य म्हणजे तुमच्यातला भिक्खू संधित. तो आज तिकडे कोपऱ्यात आजारी पडलाय. त्याला स्वतःच्या हाताने घासही घेता येत नाही. आत्ता थेरी सोणदिन्ना त्याला पेज भरवते आहे. तिने त्याला काहीएक विचारलेलं नाही."

देणाऱ्यापाशी दया असतेच. पण घेणाऱ्याची मान कुणापुढेही झुकू द्यायची नाही, मग समोर राजा का असेना, असा जो निश्चय, त्याचं नाव अधिष्ठान.