तांबट आळी गप्प झाली तेव्हा

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा घडवलेला हंडा आज मोडीतसुद्धा सापडायचा नाही.

एका राजाच्या राज्यात एक तांबट आळी होती. उजाडलं की घरोघरी ऐरणीवर तांबं चढायचं आणि ठोकाठोक सुरू व्हायची. परक्या माणसाला तिथं दोन शब्द बोलायचे तर ओरडावं लागे. आणि गंमत बघा, नेमके त्याच आळीत एक गवई राहत. नारोबुवा त्यांचं नाव.

बुवा जन्मापासून आंधळे होते. पण कुणी "बिचारे" म्हटलेलं त्यांना खपत नसे. गळा असा, की ते गायला बसले की दूध उतू गेलं तरी बायकांना भान राहत नसे. आणि शिकवणं तर त्याहून न्यारं! आळीतली पोरंपोरी, दोन नव्या सुना, दात पडलेले एक आजोबासुद्धा त्यांचे शिष्य.

"माझ्या तोंडाकडे काय बघता?" बुवा म्हणत. "मी बघतो का तुमच्याकडे? कान लावा. ते धोंडशेट घागर ठोकतायत ना, त्या ठोक्यावर सम धरा!"

मग शेजारच्या ठोक्यावर ताल धरून सगळे गात. कुणाची लय हलली की बुवा हसत, "अरे, तांब्याला कळतं आणि तुला कळत नाही?"

आळीत ते काठीशिवाय फिरत. घागरीचा आवाज घुमायचा, परातीचा पसरायचा, ताम्हणाचा नाजूक किणकिणायचा. कुठल्या घरात काय घडतंय हे बुवांना पाठ. आवाज ऐकायचा आणि बरोबर त्या दारात उभं राहून विचारायचं, "काय वहिनी, गप्पा मारून झाल्या असतील तर ताक द्या."

बुवांची कीर्ती राजाच्या कानावर गेली. राजाने कारभाऱ्याबरोबर मानाची शाल पाठवली. कारभारी आळीत शिरला तो दोन्ही कानांत बोटं घालूनच.

"अहो, असा रत्नासारखा माणूस, आणि त्याच्या कानाशी तुम्ही हातोड्या आपटता?" तो लोकांवर डाफरला. "आंधळ्याला कानांचाच तर आधार! लाजा नाही वाटत?" मग बुवांना म्हणाला, "राजवाड्यात एक दालन रिकामं आहे. मनात आलं की निरोप धाडा, रथ पाठवतो."

"माझं इथंच बरं चाललंय," बुवा हसून म्हणाले.

पण आळीला ते बोलणं लागलं. आपण इतकी वर्षं देवमाणसाला छळलं, असं सगळ्यांना वाटलं. धोंडशेट वयाने मोठे, त्यांनी ठरवलं, "ऐरणी नदीपल्याड न्यायच्या. आणि बुवांना अवाक्षर सांगायचं नाही. उपकार बोलून दाखवला की त्याची माती होते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ऐरणी गाड्यांवर चढल्या. आळी पावलं न वाजवता चालू लागली, कुजबुजत बोलू लागली.

बुवा सकाळी बाहेर पडले आणि दारातच थबकले. काहीच ऐकू येईना. अंदाजाने आजोबांच्या घराकडे गेले, आत शिरले, मांडी घालून बसले आणि म्हणाले, "हं, लावा सा."

"हंऽऽ," समोरून आवाज आला.

"आजोबा, आज सूर फारच खाली गेलाय!"

ती आजोबांच्या शेजाऱ्यांची म्हैस होती. बुवांनाच हसू फुटलं. गोठ्याबाहेर कुणीतरी पदर तोंडात कोंबून हसत होतं, तेही त्यांना कळलं. पण पुढे होऊन कुणी हात धरला नाही, की चेष्टा केली नाही. बुवांचं हसू विरलं.

आता ते भिंत चाचपत चालू लागले. शिकवणीतही पोरं भीतभीत गायची, आपलाच आवाज ऐकून दचकायची. बुवा आले की बोलणं थांबायचं. त्यांच्या मनाने घेतलं, 'शाल मिळाली ती ह्यांना खुपली. नाहीतर माझा कंटाळा तरी आला.' विचारायची हिंमत होईना. शेवटी त्यांनी राजवाड्याला निरोप धाडला, रथ पाठवा.

आळीत बातमी पोचली. "अगं बाई, अजून कुठंतरी आवाज होतोय वाटतं!" लोकांनी गाईंच्या घंटा सोडल्या, विहिरीच्या रहाटाला चिंध्या गुंडाळल्या, कोंबडा टोपलीखाली डालला. बुवांना आळी आणखीच परकी झाली.

रथ आला. बुवांनी तंबोरा उचलला. आळी दोन्ही बाजूंना उभी, डोळ्यांत पाणी, पण हुंदका म्हणून कुणी देईना.

त्यात सुंद्राक्का होती. हिच्या तोंडात तीळ भिजत नसे. इतके दिवस गप्प राहून बाई निम्मी झाली होती. बुवांनी रथावर पाय ठेवला आणि तिला राहवेना.

"बुवा, जाताय तर जा, पण एवढं सांगून जा! अजून कुठला आवाज राहिला हो? ऐरणी नदीपल्याड नेल्या, कोंबडा डालला, माझे हे घोरतात म्हणून त्यांना मळ्यात झोपायला लावलं. आणखी काय करायचं आम्ही?"

बुवांचा पाय तसाच राहिला. "म्हणजे? हे सगळं माझ्यासाठी?"

"मग काय राजाच्या कारभाऱ्यासाठी?"

बुवा हसता हसता रथाच्या पायरीवरच बसले. "अगं सुंद्राक्का, मला वाटलं तुम्ही मला वाळीत टाकलंत! अहो, तुमचे ठोके म्हणजे माझा रस्ता, माझा तबला. ते नेलेत आणि मला म्हशीला गाणं शिकवायला बसवलंत!"

"मग तोंड उघडून विचारायचं नाही का?" धोंडशेट म्हणाले.

"तुम्ही तरी सांगायचं नाही का?" बुवा म्हणाले.

आणि सगळी आळी एकदम मोठ्याने हसली. टोपलीखालचा कोंबडाही आरवला.

रथ रिकामा परत गेला नाही. बुवांनी सारथ्याला गोड बोलून नदीपल्याड नेलं आणि राजाच्या त्या मखमली रथातून ऐरणी आळीत परत आल्या. सारथी कपाळाला हात लावत होता. दुपारपर्यंत इतकी ठोकाठोक सुरू झाली, की दोन शब्द बोलायला पुन्हा ओरडावं लागलं. पुढे राजाला गाणं ऐकायची लहर आली की तो स्वतः आळीत येई आणि पालथ्या हंड्यावर बसून ऐके.

म्हणून सांगते, ज्याचं भलं करायचं त्याला आधी तोंड उघडून विचारावं. न विचारता केलेली माया वाट चुकते.