भोपळ्याची वही

इंदूकाकूंच्या भोपळ्या नावाच्या कुत्र्यावर आमच्या सोसायटीच्या चेअरमन दाभाडेसाहेबांचा भारी राग. "विनाकारण भुंकतो. हाकला त्याला!"

काकूंनी सांगलीच्या एका बाईंची वेळ घेतली. बिघडलेल्या कुत्र्यांना वळण लावणं हेच त्यांचं काम. बाई म्हणाल्या, "येण्याआधी आठवडाभर वहीत लिहा, कुत्रा कधी भुंकला आणि त्याच्या आधी काय घडलं."

वही भरत आली आणि रविवारी सभा बसली. साहेब गरजले, "तपासणी-बिपासणी काही नको! जो आधी कुरापत काढतो, त्याला सोसायटीबाहेर काढा. मग तो कोणीही असो!"

"सेक्रेटरी, एवढं लिहून घ्या हो," काकू म्हणाल्या आणि त्यांनी वही उघडली. "सोमवार. साहेबांनी जाता जाता आमच्या दारावर काठी आपटली, मग भोपळ्या भुंकला. मंगळवारीही तेच. बुधवारी साहेब मिरजेला गेले होते. भोपळ्या दिवसभर झोपला."

सभा हसू दाबत होती.

"तर मग साहेब," काकूंनी अदबीनं विचारलं, "सामान कुणाचं बांधायचं?"

"ठराव... पुढच्या सभेत बघू."

आता साहेब काठी काखेत धरून जिना उतरतात. भोपळ्या एक डोळा उघडतो आणि परत मिटतो.